संगणकांतील ऐच्छिक देवनागरी

छापखान्याच्या इतिहासाविषयीं आपल्याकडे पुष्कळ आस्थेनें लिहिलें गेलें आहे. विल्यम केरीचें मराठी व्याकरण १८०५ सालीं सेरामपुरास छापलें गेलें, गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं मुंबईंत शिळाप्रेसवर पंचांग काढलें, पुढें जावजी दादाजींच्या निर्णयसागराचे खिळे हिंदुस्थानभर नांवाजले गेले, ही हकीकत वाङ्मयाच्या अभ्यासकांस परिचित आहे. परंतु गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्या यंत्रावर आपला बहुतेक छापील मजकूर प्रथम जुळविला गेला, त्या घरगुती संगणकांत देवनागरी केव्हां व कोणत्या वाटेनें शिरली, असें विचारलें तर चांगले बहुश्रुत गृहस्थहि घुटमळतात. कोणी म्हणतो, ती पहिल्यापासूनच होती. कोणी म्हणतो, ती मोबाईलबरोबर आली. दोन्ही उत्तरें चुकीचीं आहेत. २००० सालापासून २००७ सालापर्यंत, म्हणजे संगणक ज्या काळांत मध्यमवर्गीय मराठी घरांत शिरला नेमक्या त्याच काळांत, देवनागरी त्या यंत्राच्या सामानांत होती. पण ती ऐच्छिक होती. ती हवी असल्यास एका लहानशा चौकटींत खूण करावी लागे. ही चौकट कोठें होती, तिच्यावर काय लिहिलेलें होतें, आणि घरोघर ती रिकामी राहिल्यामुळें काय झालें, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

'ऐच्छिक' हा शब्द दिसतो तितका निरुपद्रवी नाहीं. ऑगस्ट १९८१ मध्यें आय्.बी.एम्. कंपनीनें आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारांत आणला, तेव्हां त्या यंत्राची मूळ प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, हीच गिऱ्हाइकाच्या इच्छेवर सोंपविलेली होती. त्यानें पीसी-डॉस घ्यावी, सीपी-एम् ८६ घ्यावी किंवा यूसीएस्‌डी पी-सिस्टिम घ्यावी, अशीं तीन दारें कंपनीनें उघडीं ठेविलीं होतीं. निवड कागदोपत्रीं पूर्ण मोकळी होती. मात्र पीसी-डॉसची किंमत ४० डॉलर होती आणि मागाहून आलेल्या सीपी-एम् ८६ ची २४० डॉलर होती. निकाल काय लागला हें सांगावयास नको. नोव्हेंबर १९८५ मध्यें निघालेली पहिली विंडोज हीहि डॉसवर निराळी विकत घेऊन चढवावयाची एक पुरवणीच होती. एखादी वस्तु मूळ सामानांत द्यावयाची कीं पुरवणींत, हा कारखानदाराला सोयीचा प्रश्न वाटतो. पण बहुसंख्य माणसें जें हातीं पडतें तेंच वापरतात, आणि म्हणून पुरवणींत पडलेली वस्तु त्यांच्या लेखीं नसल्यासारखीच असते.

देवनागरीला आरंभीं हें पुरवणीचें स्थानहि मिळालें नव्हतें. कानपूरच्या आय्.आय्.टी.मध्यें १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत देवनागरी दाखविणाऱ्या संगणकावर काम झालें. तीच विद्या पुढें, पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेंत वाढीस लागली आणि 'जिस्ट' नांवाचें एक कार्ड तयार झालें. संगणकाचें झाकण उघडून आंतल्या खाचेंत हें कार्ड बसविलें कीं डॉसवर चालणारे इंग्रजी प्रोग्रॅम भारतीय लिप्यांतहि मजकूर घेऊं व दाखवूं लागत. उपाय मोठा चतुर होता. पण घरांत संगणक असणें हीच जेथें अपूर्वाई, तेथें हें वेगळें कार्ड सामान्य गृहस्थ कोठून आणणार?

त्याच सुमारास दोन मूलभूत गोष्टी मात्र ठरून गेल्या. १९८६ सालीं सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें 'इन्स्क्रिप्ट' हा कळफलक पुढें आणला. त्यांत स्वर व मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजनें उजव्या हाताकडे अशी सुबोध वांटणी आहे, आणि एकदां शिकलेला हात भारतांतील इतर लिप्यांसहि चालतो. दुसरी गोष्ट म्हणजे 'इस्की' हा वर्णसंकेत. कोणत्या अक्षराला कोणता आंकडा द्यावा हें ठरविणारा हा कोष १९९१ सालीं आय्.एस्. १३१९४ या अंकानें भारतीय मानक झाला. त्याच वर्षीं यूनिकोडची पहिली आवृत्ति निघाली, आणि तींतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतलेली होती. सर्व जगाच्या लिप्यांचा जो एक सामाईक वर्णकोष निर्माण झाला, त्यांत आपली लिपि अशी पहिल्या दिवसापासून मानानें बसलेली आहे.

मग अडचण कोठें राहिली? येथें थोडें तंत्रांत शिरणें भाग आहे. वाचकांनीं कंटाळूं नये, कारण पुढची सारी हकीकत याच जागीं अडलेली आहे.

रोमन लिपींत एका संकेताची एक आकृति, आणि त्या आकृति एकीपुढें एक ठेवीत गेलें कीं काम झालें. देवनागरीचा संसार असा सरळ नाहीं. 'हिन्दी' हा शब्द यूनिकोडांत उच्चाराच्या क्रमानें साठविला जातो: ह, ऱ्हस्व वेलांटी, न, हलन्ताचें चिन्ह, द, दीर्घ वेलांटी. डोळ्यांना तो दिसावयास हवा तो निराळ्या क्रमानें. पहिली वेलांटी 'ह'च्या अलीकडे सरकली पाहिजे, 'न'चा काना गळून तो 'द'ला टेकला पाहिजे. 'सूर्य' या शब्दांत र आधीं साठविलेला असतो, पण दिसतो तो य च्या डोक्यावर रफार होऊन. आणि मराठीचें म्हणून आणखी एक लेणें आहे. आपला अर्धा र कधीं डोक्यावर चढतो, तर कधीं एखाद्या केसासारखा व्यंजनाच्या पुढें आडवा राहतो. आचार्यास दक्षिणा द्यावयाची असते, आचाऱ्यास मजुरी. आणि हा सारा भेद त्या एका केसावर लटकलेला असतो.

छापखान्यांत हें काम जुळारी करीत असे. त्याच्यापुढें खिळ्यांची पेटी असे, तींत अर्धीं अक्षरें, जोडाक्षरें, मात्रा, रफार यांचे शेंकडों खाने असत, आणि कोणत्या शब्दांत कोणता खिळा कोठें बसतो हें त्याच्या बोटांत मुरलेलें असे. संगणकांत टंक, म्हणजे फाँट, ही खिळ्यांची पेटी होय. पण नुसत्या पेटीनें अक्षरें जुळत नाहींत. संकेत वाचून योग्य खिळा योग्य जागीं ठेवणारा एक प्रोग्रॅमहि लागतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें असा जुळारी 'युनिस्क्राइब' या नांवानें तयार केला आणि फेब्रुवारी २००० मध्यें निघालेल्या विंडोज २००० मध्यें तो प्रणालीचा भाग म्हणून आला. त्याच्यापुढें ठेविलेली देवनागरीची पेटी म्हणजे 'मंगल' हा टंक. तो र. कृ. जोशी यांनीं घडविलेला आहे. १९३६ सालीं जन्मलेले आणि २००८ सालीं निवर्तलेले जोशी हे मराठी कवि, सुलेखनकार आणि मुंबईच्या आय्.आय्.टी.मधील अध्यापक. जगांतील कोट्यवधि यंत्रांत ज्याचें अक्षर गेलें, त्या या गृहस्थाचें नांव आपल्या सुशिक्षित घरांत जावजी दादाजींइतकेंहि ठाऊक नसावें, हें चमत्कारिक आहे.

जुळारी येण्यापूर्वीं लोक काय करीत होते, हेंहि पाहिलें पाहिजे, कारण पुढील अनर्थाचें बीज तेथें आहे. विंडोजला देवनागरी कळत नाहीं, तर तिला ती कळूंच द्यावयाची नाहीं, अशी युक्ति टंककारांनीं काढली. संगणकाच्या समजुतीनें मजकूर रोमनच. फक्त रोमन अक्षरांच्या खान्यांत देवनागरीचे तुकडे भरून ठेवावयाचे. उत्तरेंत सर्वत्र पसरलेल्या 'कृति देव' या टंकांत 'हिन्दी' हा शब्द लिहावयाचा झाल्यास एफ्, जी, यू, एन्, एच् या पांच रोमन कळा दाबाव्या लागतात. पडद्यावर उत्तम देवनागरी उमटते; पण यंत्राच्या पोटांत तीं पांच निरर्थक रोमन अक्षरेंच असतात. महाराष्ट्रांतहि अशा टंकांची रेलचेल झाली. प्रत्येक कारखान्याची खान्यांची वांटणी वेगळी, त्यामुळें एकाचा मजकूर दुसऱ्याच्या टंकांत उघडला कीं सारा कालवा. हे टंक सुंदर होते, आणि मराठी दिवाळी अंक व लग्नपत्रिका त्यांनींच सजविल्या. त्यांची निंदा करणें कृतघ्नपणाचें होईल. पण ते मराठीचें चित्र काढीत होते. मराठी लिहीत नव्हते.

अशा वेळीं विंडोज २००० आली. तिच्यांत प्रादेशिक मांडणीच्या पानावर भाषासमूहांची एक यादी होती आणि तींत 'इंडिक' असें एक नांव होतें. त्यापुढें खूण करावयाची, सी.डी. घालावयाची, यंत्र बंद करून पुन्हां चालू करावयाचें, कीं मराठी, हिंदी, कोंकणी, संस्कृत व तमिळ यांची सोय होई. हें ऐच्छिक होतें हें खरें. परंतु न्याय्य बुद्धीनें पाहिलें तर हा उपकारच म्हटला पाहिजे. तत्पूर्वीं अरबी, थाई, जपानी अशा भाषांकरितां विंडोजच्या वेगवेगळ्या आवृत्ति निघत आणि मराठीकरितां एकहि निघत नसे. सर्व जगाला एकच प्रणाली द्यावयाची आणि ज्याला जी लिपि हवी त्यानें ती तिच्यांतून उघडून घ्यावयाची, ही कल्पना त्या काळीं उदार होती. मॅकिंटॉश यंत्रांकरितां ॲपल कंपनीचें 'इंडियन लँग्वेज किट' होतें. तेंहि मूळ प्रणालीहून निराळेंच घ्यावें लागे.

विंडोज २००० ही मुख्यतः कचेऱ्यांतील प्रणाली होती. घराघरांत गेली ती ऑक्टोबर २००१ मध्यें निघालेली विंडोज एक्स्‌पी. आणि येथें एक चमत्कार झाला. भाषांची ती यादी गेली. तिच्या जागीं दोनच चौकटी आल्या. एक पूर्व आशियांतील भाषांकरितां. दुसरीवरील इंग्रजी मजकुराचें मराठी असें होईल: 'गुंतागुंतीच्या लिप्यांच्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांच्या, थाईसह, फायली बसवा.'

वाचकांनीं क्षणभर थांबून या ओळीचा विचार करावा. एखादे निवृत्त हेडमास्तर आपल्या यंत्रांत मराठी कशी आणावी म्हणून शोध घेत आहेत. कंट्रोल पॅनेलमधील प्रादेशिक व भाषाविषयक मांडणीचें पान त्यांना सांपडतें. त्यांतील भाषांचा दुसरा विभागहि ते उघडतात. समोर ही ओळ आहे. तिच्यांत मराठी नाहीं, हिंदी नाहीं, देवनागरी नाहीं, भारत नाहीं. थाई आहे, आणि ती अशा जागीं आहे कीं थाई उजवीकडून डावीकडे लिहितात असा गैरसमज व्हावा. आपली लिपि डावीकडून उजवीकडे चालते एवढें हेडमास्तरांना पक्कें ठाऊक आहे, आणि तिच्यांत गुंतागुंत आहे असें त्यांना आयुष्यांत कधीं वाटलेलें नाहीं. पहिलीच्या वर्गांत चाळीस वर्षें पोरांकडून त्यांनीं बाराखडी घोटून घेतली आहे. ही चौकट आपल्यासाठीं आहे असें त्यांच्या स्वप्नांत तरी कसें यावें? गंमत अशी कीं, खूण केल्यावर जो खुलासा पडद्यावर येई, त्यांत अरबी, आर्मेनियन, जॉर्जियन, हिब्रू यांच्या पंक्तीस 'इंडिक' हा शब्द असे. म्हणजे उत्तर आधीं द्यावें, मग प्रश्न समजावा, अशी ती व्यवस्था होती.

त्याच खुलाशांत आणखी एक गोष्ट सांगितलेली असे: या फायलींस १० एम्.बी. किंवा अधिक जागा लागेल. पूर्व आशियाच्या चौकटीला २३० एम्.बी. लागत, तेव्हां ती ऐच्छिक ठेवण्यांत कांहीं अर्थ होता. पण दहा एम्.बी.? एक्स्‌पी प्रणाली स्वतःच दीड जी.बी. जागा मागत असे. तिच्या मानानें हा दीडशेवा हिस्सा. मीं २००३ सालीं घेतलेल्या यंत्राची हार्ड डिस्क ४० जी.बी.ची होती, तिच्या हिशेबानें हा चारहजारावा हिस्सा. चार हजार पानांच्या ग्रंथांत एक पान देवनागरीचें असावें कीं नसावें, असा हा प्रश्न होता. जागेची काटकसर हें कारण म्हणून टिकत नाहीं. माझ्या मतें खरें कारण मागणीचा अभाव हें होतें. भारतांत संगणक घेणारा वर्ग इंग्रजींत पत्रव्यवहार करणारा. त्यानें दुकानदाराकडे कधीं मराठी मागितली नाहीं, दुकानदारानें वितरकाकडे मागितली नाहीं, आणि अमेरिकेंतील कंपनीपर्यंत हांक पोंचलीच नाहीं. दोष द्यावयाचा तर त्याचा मोठा वांटा तुमच्याआमच्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांच्याच पदरांत पडतो.

चौकट सांपडली तरी काम झालें असें नव्हे. फायली बसविण्याचा अधिकार यंत्राच्या व्यवस्थापकाला. सायबर कॅफेंत किंवा कचेरींत बसलेल्या माणसाला तो नसे. फायली पुष्कळदां एक्स्‌पीच्या मूळ सी.डी.वरून घ्याव्या लागत. आणि येथें मला माझी स्वतःची हकीकत सांगणें प्राप्त आहे.

वर उल्लेखिलेलें यंत्र मीं घेतलें, त्याचें मुख्य निमित्त माझे मामा. ते शिक्षण खात्यांतून निवृत्त झाले होते आणि पंधरा वर्षें खपून त्यांनीं आमच्या आजोळच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहून काढला होता: फुलस्केप कागदाच्या सहा वह्या, वंशावळी, जुन्या सनदांच्या नकला, आणि कोण कोठें दत्तक गेला याच्या टीपा. तो आपण घरच्या घरीं संगणकावर उतरवावा अशी त्यांची इच्छा. इंग्रजी टंकलेखनाची परीक्षा त्यांनीं तरुणपणीं दिलेली होती, बोटें अजून चालत होतीं. एका स्नेह्यानें मला चौकटीचें रहस्य सांगितलें. मीं खूण केली, आणि यंत्रानें सी.डी. मागितली. यंत्र सुटे भाग जोडून एका दुकानदाराकडून घेतलेलें. प्रणाली त्यानें चढवून दिलेली. त्याच्याकडे गेलों, तर तो म्हणाला, "अहो काका, सी.डी. कशाला हवी? सगळं चालू आहे ना?" तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेस त्यानें जी सी.डी. दिली ती दुसऱ्याच आवृत्तीची निघाली आणि यंत्रानें ती नाकारली. मामांनीं आठवडाभर वाट पाहिली, मग वह्या पिशवींत घातल्या आणि म्हणाले, "राहूं दे रे. बाजारांत डी.टी.पी.वाला आहे, तो करून देईल." त्यानें खरोखरच करून दिलें, सुबक करून दिलें, आणि पुढच्या वर्षीं तीनशें पानांचा कुलवृत्तांत छापून घरोघर गेला. सोबत त्या गृहस्थानें मजकुराची एक सी.डी.हि दिली. मामांनीं ती देवघराच्या कपाटांत ठेविली.

अशा कथा घरोघर असतील. एकेक लहान आहे, पण त्यांची बेरीज लहान नाहीं. २००० ते २००७ या काळांत शाळांचे अहवाल, संस्थांचीं इतिवृत्तें, प्रबंध, स्मरणिका, संपादकांचीं हस्तलिखितें असा जो मराठी मजकूर संगणकावर चढला, त्यांतला बराचसा यूनिकोडांत गेलाच नाहीं. तो त्या खासगी टंकांच्या खान्यांत गेला. त्यांतले कांहीं प्रोग्रॅम तर संगणकाच्या पाठीमागें खोंचलेल्या कुलुपावांचून, ज्याला धंद्यांत डाँगल म्हणत, उघडतहि नसत. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर गेलें तर आधीं त्यांचा टंक उतरवून घ्यावा लागे. पत्रें लिहिणारे तरुण याहून सोपी वाट धरून मोकळे झाले. ते मराठी रोमन अक्षरांत लिहूं लागले, आणि ती संवय पुष्कळांची अद्यापि सुटलेली नाहीं.

उलट बाजूस, ज्यांनीं चौकट शोधून काढली त्यांची एक लहानशी बिरादरीच तयार झाली. १ मे २००३ रोजीं, महाराष्ट्र दिनीं, मराठी विकिपीडिया सुरू झाला. तो यूनिकोडांतच असल्यामुळें तेथें लिहूं इच्छिणाऱ्या प्रत्येकाला प्रथम ही खूण करणें भाग होतें. विकिपीडियावर भारतीय लिपींतील मजकूर ज्या पानांवर असे तेथें, तुमच्या यंत्रांत सोय नसल्यास रिकामे चौकोन, चुकीच्या जागीं पडलेल्या वेलांट्या किंवा तुटलेलीं जोडाक्षरें दिसतील, अशा अर्थाची सूचना लावण्याची प्रथा पडली. हें वर्णन अगदीं यथातथ्य आहे. टंकच नसेल तर पडद्यावर नुसत्या रिकाम्या पेट्यांची रांग दिसे. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमबरोबर टंक आलेला असेल पण जुळारी कामास लागलेला नसेल, तर अक्षरें दिसत आणि वेलांट्या भलत्याच बाजूस लोंबत. 'स्थिति'सारख्या शब्दाची तर अवस्था पाहवत नसे. मराठी न येणाऱ्या कंपोझिटरनें घाईनें जुळविलेलें पहिलें प्रूफ ज्यांनीं कधीं तपासलें असेल, त्यांना याची कल्पना येईल.

या मंडळींनीं एकमेकांस शिकविलें. कोणती चौकट, मग कळफलकाच्या यादींत मराठी कशी घालावयाची, मग डावी आल्ट आणि शिफ्ट एकदम दाबून इंग्रजींतून मराठींत कसें जावयाचें. मायक्रोसॉफ्टनें पुढें एक्स्‌पीकरितां मराठी भाषेचा वेष्टनसंचहि विनामूल्य दिला, ज्यानें प्रणालीचीं आज्ञापत्रकें मराठींत दिसूं लागत. तोहि ऐच्छिकच; आणि तो बसण्यासाठीं आधीं ती गुंतागुंतीची चौकट भरलेली असणें आवश्यक होतेंच.

जानेवारी २००७ च्या अखेरीस विंडोज व्हिस्टा सर्वांसाठीं बाजारांत आली आणि ही चौकट नाहींशी झाली. तिच्यांत सर्व लिप्यांची जुळणी पहिल्यापासूनच चालू होती. खूण करावयाची नव्हती आणि सी.डी.हि मागितली जात नव्हती. व्हिस्टाविषयीं लोकांनीं पुष्कळ वाईट बोलून घेतलें, आणि त्यांतलें बरेंच खरें होतें. तथापि मराठी लिहिणाऱ्यानें तिच्याबद्दल एक शब्द चांगला काढावयास हरकत नाहीं. पुढील वर्षीं एप्रिलांत यूनिकोड ५.१ आली आणि 'ॲ' या अक्षरास स्वतंत्र संकेत मिळाला. एक्स्‌पीला मात्र मरण उशीरा आलें. कंपनीनें तिचा सांभाळ ८ एप्रिल २०१४ रोजीं थांबविला, आणि तोंपर्यंत कितीतरी कचेऱ्यांतून ती रिकामी चौकट तशीच रिकामी होती.

इतिहासाची एक थट्टा येथें नोंदविली पाहिजे. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून भारतीय लिप्यांकरितां 'निर्मला' हा नवा टंक आला आणि २०१५ च्या विंडोज १० मध्यें 'मंगल' मूळ सामानांतून निघून 'देवनागरी पुरवणी टंक' या नांवाच्या ऐच्छिक गाठोड्यांत गेला. यंत्राच्या भाषांत मराठी किंवा हिंदी घातली तर तें गाठोडें आपोआप येतें; न घातली तर मुद्दाम मागवावें लागतें. अक्षरें आतां दिसतात, मोडत नाहींत. पण ज्या टंकानें हें दार उघडलें तो स्वतः मात्र पुरवणींत जाऊन बसला.

राहिली कुलवृत्तांताची गोष्ट. मामा २०११ सालीं वारले. २०१६ सालीं घराण्यांतील मंडळींनीं दुसरी आवृत्ति काढावयाचें ठरविलें, तेव्हां देवघराच्या कपाटांतील ती सी.डी. बाहेर आली. ती वाचली गेली, याचेंच आम्हांस नवल वाटलें. फाइल उघडली; तीनशें पानें होतीं, पण एकाहि पानावर मराठीचें एक अक्षर नव्हतें. रोमन अक्षरें, कंस, टक्क्यांचीं चिन्हें, उद्गारचिन्हें यांचा पाऊस. वंशावळींच्या रेघा तेवढ्या जागच्या जागीं होत्या. ज्या टंकांत मजकूर जुळविला होता त्याचें नांव फाइलींत सांपडलें, टंक कोठें मिळेना, डी.टी.पी.वाल्या गृहस्थानें धंदा केव्हांच बंद केला होता. शेवटीं माझ्या भाचीनें छापील प्रतीशीं ताडून पाहत एक रूपांतराचा प्रोग्रॅम जुळवून आणला. कोणतें रोमन चिन्ह म्हणजे आपल्याकडचा कोणता तुकडा, याची यादी तिनें वहींत हातानें केली. तिला तीन महिने लागले.

रूपांतरित प्रूफ तपासावयास माझ्याकडे आलें. शंभरांत नव्याण्णव शब्द बरोबर होते. परंतु सहाव्या पिढींतील एक पूर्वज, जे पेशवाईच्या अखेरीस पुण्यांत एका सरदाराच्या मुदपाकखान्यांत स्वयंपाकी होते, त्यांच्याविषयींचें वाक्य वाचतांना मी अडखळलों. सरदारांनीं प्रसन्न होऊन 'आचार्यास' शेला व पांच होन दिले, असें तेथें छापलें होतें. रूपांतराच्या प्रोग्रॅमनें तो आडवा केस उचलून रफार करून य च्या डोक्यावर ठेविला होता. मीं हें मामेभावास दाखविलें. तो हंसून म्हणाला, "दादा, राहूं द्या ना. घराण्याची तेवढीच बढती."

मीं तो केस परत जागेवर बसविला आणि प्रूफ पुढें वाचावयास घेतलें.